वेळापत्रकात चहा कुठाय? न्यूझीलंडची पहिली रोड ट्रिप आखताना

(या भागाचं शब्दांकन. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त 'म्हणजे' आणि 'अक्च्युअली' थोडे कमी केलेत.)

  

गेल्या महिनाभरात तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवला. शब्द वेगवेगळे, पण अर्थ तोच: "दादा, पहिल्यांदाच परदेशात जातोय, गाडी स्वतः चालवायचीय, प्लॅन बघून सांग जमेल का?" सोबत एक एक्सेल शीट. मी त्या सगळ्या शीट उघडून बघितल्या, आणि खरं सांगू? प्रत्येक शीट बघून मला माझीच आठवली. म्हणून आज दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच प्लॅन तुमच्यासमोर फाडतो. त्यातून तुमचा सुधारला तर उत्तम.

आम्ही चौघं गेलो होतो. मी, बायको, आई आणि बाबा. देश न्यूझीलंड, महिना मार्च. आई-बाबांचे पासपोर्ट या ट्रिपसाठीच काढले होते. पैसे आमच्या दोघांच्या दोन वर्षांच्या बचतीतले, आणि तिकिटांना कमी पडले तेव्हा आईनं तिची भिशी उचलून दिली. हे सांगतोय कारण 'बघू, नाही जमलं तर पुढच्या वर्षी परत जाऊ' असली ही ट्रिप नव्हती. असली ट्रिप आमच्या घरात एकदाच होते.

आणि अजून एक माहिती, ती पुढं लागणार आहे. माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. एकतीस वर्षं. सांगली जिल्ह्यातल्या एका डेपोतून निवृत्त झाले.

पहिली शीट

न्यूझीलंड का, तर एकतर तिथं गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवतात. स्टिअरिंग उजवीकडं. पहिल्यांदा बाहेर चालवताना हा फार मोठा दिलासा असतो. दुसरं, आपलं इंग्रजीत छापलेलं लायसन्स पर्यटकाला तिथं चालतं. तरी भाड्याच्या गाडीच्या कंपनीच्या अटी वाचा. काही कंपन्या आरटीओतून मिळणारं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटही मागतात, आणि पंचविशीच्या आत असाल तर बऱ्याच ठिकाणी जास्त पैसे लावतात.

तर मी शीट बनवली. ऑफिसमधून चौदा दिवस मिळाले होते, शनिवार-रविवार धरून. मी लिहिलं: ऑकलंडला उतरायचं, तिथून रोटोरुआ, मग वेलिंग्टन, मग फेरीनं साउथ आयलंडवर पिक्टन, मग क्राइस्टचर्च, टेकापो, माउंट कुक, वानाका, क्वीन्सटाउन, तिथून एका दिवसात मिलफर्ड साउंड जाऊन-येऊन, मग पश्चिम किनाऱ्यावरचं फ्रान्झ जोसेफ ग्लेशियर, आणि आर्थर्स पासवरून परत क्राइस्टचर्च. प्रत्येक ओळीला रंग दिला होता. हिरवा म्हणजे निसर्ग, निळा म्हणजे पाणी, पिवळा म्हणजे खाणं. मॅपवर बेरीज केली, तीन हजार किलोमीटरच्या घरात गेलं. मला वाटलं, त्यात काय, आपण पुणे-गोवा एका दमात मारतो.

ती शीट प्रिंट करून मी बाबांना कौतुकानं दाखवली. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून एकेक ओळ वाचली आणि विचारलं,

"ड्रायव्हर किती हायत?"

मी म्हटलं, "मीच एकटा. तिलाही येते गाडी, पण दुसऱ्या ड्रायव्हरचे जास्तीचे पैसे लागतात, म्हणून मीच."

"बरं. आणि यात चहा कुठाय?"

मी हसलो. मला वाटलं चेष्टा करतायत. ते म्हणाले, "अरे, एसटीच्या शेड्युलमध्येसुद्धा चहाला दहा मिनिटं असतात. जेवणाला अर्धा तास असतो. तुझ्या ह्या कागदावर माणूस सकाळी गाडीत बसला की थेट मुक्कामालाच उतरतोय. लघवीला कुठं थांबणार?"

मंडळी, मी आयटीतला माणूस. मी त्यांना म्हटलं, "बाबा, गूगल मॅप सांगतंय ना वेळ." ते म्हणाले, "तो नकाशा गाडी चालवतो का?"

दिवस मोजायला शिका

मग आम्ही दोघं बसलो, आणि पहिलं काम केलं ते दिवस मोजण्याचं. तुम्हीही हेच आधी करा. चौदा दिवस सुट्टी म्हणजे चौदा दिवस ट्रिप नव्हे.

मुंबईहून शुक्रवारी रात्री निघालो तर सिंगापूरला सकाळी, तिथून संध्याकाळचं विमान, आणि क्राइस्टचर्चला रविवारी सकाळी. म्हणजे शनिवार अख्खा विमानतळावर गेला. परतीचा दिवस प्रवासातच जातो. घरी आल्यावर एक दिवस झोपेला लागतो, नाहीतर सोमवारी मीटिंगमध्ये कॅमेरा बंद करून घोरत बसाल. हे सगळं वजा करून आमच्या हातात उरल्या अकरा रात्री. दिवस नाही म्हणत, रात्री म्हणतोय. कारण हॉटेल रात्रीचं असतं, आणि प्लॅन रात्रींवर आखला की फसवाफसवी होत नाही. 'तिसरा दिवस वानाका' लिहिणं सोपं आहे. 'तिसऱ्या रात्री कुठल्या पलंगावर झोपणार' हे लिहिलं की आकडे आपोआप खरे होतात.

अकरा रात्रींत दोन बेटं? बाबांनी पेन घेतलं आणि नॉर्थ आयलंडवर आडवी रेघ मारली. एका झटक्यात ऑकलंड, रोटोरुआ, वेलिंग्टन गेलं. नुसती वेलिंग्टन-पिक्टन फेरी साडेतीन तासांची आहे, त्यात आधी जाऊन रांग लावा, गाडी चढवा, उतरवा. अर्धा दिवस तिथंच संपतो.

मग पश्चिम किनारा. तिथं मात्र घरात भांडण झालं. बायकोला ग्लेशियर बघायचंच होतं. वानाकावरून हास्ट पास ओलांडून फ्रान्झ जोसेफला जायचं म्हणजे तीनशेच्या आसपास किलोमीटर, सगळा वळणांचा रस्ता, आणि तिकडं पाऊसही भरपूर. तिथून क्राइस्टचर्चला परत यायला अजून एक पूर्ण दिवस. तेवढ्यासाठी मिलफर्ड आणि क्वीन्सटाउन मिळून दोनच दिवस उरत होते. दोन रात्री आम्ही यावर वाद घातला. शेवटी तिनंच मार्ग काढला. माउंट कुकच्या पायथ्याशी टास्मान ग्लेशियर आहे, त्याच्या व्ह्यूपॉइंटला पायऱ्या चढून पाऊण-एक तासात जाऊन येता येतं. म्हणाली, "ग्लेशियर हे बघू. किनारा सोडून देऊ." आणि सोडला.

ही काट मारताना पोटात तुटतं, मला माहितेय. रील बघून बघून ती ठिकाणं आपलीच वाटायला लागलेली असतात. पण जिथं जाणार नाही त्याची यादी आधी केली की जिथं जाणार आहे तिथं नीट जाता येतं.

दीडपट नियम

आता गाडीचे तास. बाबांचा नियम सरळ होता: नकाशावर जी वेळ दिसते ती दीडपट धर. तीन तास दिसतात तर साडेचार. मला ते अति वाटलं होतं. तिथं गेल्यावर कळलं की बरोबर आहे, आणि का, ते सांगतो.

एक म्हणजे रस्ते. तिथं हायवे म्हणजे आपला एक्स्प्रेसवे नव्हे. साउथ आयलंडचे बहुतेक हायवे एक लेन जायला, एक लेन यायला, मध्ये दुभाजक नाही. वेगमर्यादा बहुतेक मोकळ्या रस्त्यावर ताशी १००, पण ती मर्यादा आहे, सल्ला नाही. घाटातल्या वळणावर पिवळी पाटी असते, ३५ किंवा ४५ लिहिलेली, आणि ती पाटी खोटं बोलत नाही. गावात शिरलं की ५०.

दुसरं, एकेरी पूल. नदीवरचा पूल एकाच गाडीच्या रुंदीचा. पाटीवर दोन बाण असतात, एक मोठा, एक छोटा लाल. छोटा लाल बाण तुमच्या दिशेचा असेल तर तुम्ही थांबायचं, समोरच्याला येऊ द्यायचं. हे घरून निघायच्या आधी पाठ करा. तिथं पुलावर पोचल्यावर शिकायला वेळ नसतो.

तिसरं, मागं गाड्यांची रांग लागली तर बाजूला थांबायला जागा केलेल्या असतात. तिथं डावीकडं घेऊन सगळ्यांना पुढं सोडायचं. हॉर्न कुणी वाजवत नाही. पण म्हणून मागचा वैतागलेला नसतो असं नाही.

आणि चौथं कारण, सगळ्यात मोठं. तुम्ही थांबता! तळ्याचा रंग दिसतो, तुम्ही थांबता. मेंढ्या दिसतात, आई म्हणते थांब. शंभर किलोमीटरला चार वेळा थांबलात, दर वेळी पंधरा मिनिटं, तर तास तिथंच गेला. आणि त्यासाठीच तर गेलोय ना आपण?

म्हणून आम्ही एक मर्यादा ठरवली. नकाशावरचे तीन तास, त्यापेक्षा जास्त गाडी कुठल्याच दिवशी नाही. अपवाद एकच, मिलफर्डचा दिवस. आणि अंधार पडायच्या आत मुक्काम. मार्चमध्ये तिकडं सूर्य आठच्या आसपास मावळतो, त्यामुळं हे जमतं. तुम्ही जून-जुलैत गेलात तर तिकडं हिवाळा असतो, पाच वाजता अंधार, घाटात बर्फ, गाडीत चाकांच्या साखळ्या. तोच प्लॅन तेव्हा चालणार नाही.

शेवटी ठरलेला मार्ग

लिहून घ्या हवं तर. क्राइस्टचर्चहून टेकापो, साधारण २२५ किलोमीटर. टेकापोहून माउंट कुक, १०५. तिथून लिंडिस पासवरून वानाका, २१० च्या आसपास. वानाकाहून टे अनाऊ, २३०. टे अनाऊहून मिलफर्ड साउंड आणि परत, एका बाजूला जवळपास १२०. मग टे अनाऊहून क्वीन्सटाउन, १७०. सगळं मिळून बाराशेच्या आत. पहिल्या शीटच्या निम्म्यापेक्षाही कमी.

रात्री: टेकापो तीन, माउंट कुक एक, वानाका दोन, टे अनाऊ तीन, क्वीन्सटाउन दोन. गाडी क्वीन्सटाउनलाच सोडायची, तिथून तासाभराच्या विमानानं क्राइस्टचर्च, आणि परत. एका गावात घेऊन दुसऱ्या गावात सोडायचे जास्तीचे पैसे बऱ्याचदा लागतात, पण त्याच रस्त्यानं साडेचारशेच्या वर किलोमीटर मागं येण्याचा एक दिवस आणि पेट्रोल वाचतं. दोन्ही आकडे शेजारी लिहून ठरवा.

हा झाला कागद. चांगला होता. पण त्यात एक चूक राहिली होती, आणि ती मी जाणूनबुजून ठेवली होती.

बाबा म्हणत होते, पहिली रात्र क्राइस्टचर्चलाच काढ. विमानातून उतरून गाडीवर बसू नकोस. मी म्हटलं, सकाळी साडेदहाला उतरतोय, टेकापो फक्त तीन तास, दीडपट धरा, साडेचार. दिवस मोकळाच आहे. क्राइस्टचर्चमध्ये एक रात्र कशाला वाया घालवायची? आणि टेकापोच्या तीन रात्री बुक करून टाकल्या. रद्द न होणाऱ्या. कारण स्वस्त होत्या.

तो पहिला दिवस

उतरलो. आधी बायोसिक्युरिटी. न्यूझीलंड खाण्याच्या बाबतीत फार कडक आहे. शेती आणि जंगल जपायला कुठलीही कीड, बी, माती बाहेरून येऊ देत नाहीत. खायचं काहीही असेल तर फॉर्मवर 'हो' लिहायचं. लपवलंत आणि सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड. आईनं चटण्या, लाडू, भाकरवडी, सगळं आणलं होतं. आम्ही सगळं लिहिलं. बॅग उघडली, एकेक डबा बघितला, एक डबा ठेवून घेतला, बाकीचे हसत परत दिले. बुटांचे तळवेसुद्धा बघितले. पाऊण तास गेला. मग सिम कार्ड. मग गाडीचं काउंटर, कागदपत्रं, गाडीभोवती फिरून ओरखड्यांचे फोटो. हे फोटो काढाच, व्हिडिओच काढा. रस्त्याला लागलो तेव्हा दीड वाजला होता.

तिथले दुपारचे दीड म्हणजे भारतातले सकाळचे सहा. मार्चमध्ये साडेसात तासांचा फरक आहे. आणि मी सलग दोन रात्री विमानात, बसल्या बसल्या, जेमतेम चार-पाच तास झोपलो होतो.

क्राइस्टचर्चहून दक्षिणेला रस्ता सरळ जातो. सपाट मैदान, दोन्हीकडं कुंपणं, गायी, ऊन. पहिला तास मजेत. मागं आई आणि बायको झोपल्या. बाबा माझ्या शेजारी, एकदम ताठ. जेराल्डाइन नावाचं गाव लागतं, तिथं बाबा म्हणाले, "चहा घेऊ." मी म्हटलं, "तासाभराचं तर राहिलंय, पोचूनच घेऊ."

गाव सोडून दहा-पंधरा मिनिटं झाली असतील. मला पुढचं एवढंच आठवतंय की बाबांचा हात स्टिअरिंगवर होता. आणि आवाज. ओरडले नाहीत. अगदी हळू म्हणाले, "डावीकडं घे. ब्रेक मारू नको. डावीकडं."

गाडी मधल्या पांढऱ्या रेषेवर गेली होती. समोरून दुधाचा टँकर येत होता. लांब होता. तसा पुरेसा लांब होता. पण मी तो बघितलाच नव्हता, कारण माझे डोळे मिटलेले होते. किती वेळ, मला माहीत नाही. दोन सेकंद असतील. ताशी शंभरनं दोन सेकंदांत गाडी पंचावन्न मीटर जाते, हे मी नंतर रात्री मोजलं.

पुढं जागा बघून गाडी बाजूला लावली. माझे पाय थरथरत होते. मागं आईला जागही आली नव्हती. बायको जागी झाली, तिला काही सांगावं लागलं नाही. तिच्याकडं लायसन्स होतं, ती विमानात माझ्यापेक्षा चांगली झोपली होती, पण करारावर तिचं नाव नव्हतं. मी पैसे वाचवले होते ना. तिनं चालवली असती आणि काही झालं असतं तर विमा मिळाला नसता. आणि ज्या माणसानं एकतीस वर्षं रोज चाळीस-पन्नास माणसं घाटातून सुखरूप नेली, तो माझ्या शेजारी बसला होता. त्यांच्या लायसन्सची मुदत संपलेली. चौघांत चालवू शकणारे तीन, चालवायची परवानगी एकालाच, आणि तो झोपलेला.

आम्ही तिथं तासभर थांबलो. मी सीट मागं करून डुलकी काढली. मग हळूहळू फेअरलीपर्यंत गेलो. टेकापोच्या चाळीसेक किलोमीटर अलीकडचं छोटं गाव. तिथं बाबा म्हणाले, "मुक्काम इथंच." मी म्हटलं, "टेकापोच्या खोलीचे पैसे भरलेत, परत मिळणार नाहीत." त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. साध्या मोटेलमध्ये दोन खोल्या मिळाल्या. टेकापोची पहिली रात्र पाण्यात गेली.

बाबांनी जे कधी सांगितलं नव्हतं

रात्री मोटेलच्या बाहेर पायरीवर आम्ही दोघं बसलो होतो. मी सॉरी म्हणालो. ते काही बोलले नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणाले,

"माझ्याबी डोळ्यावर झापड आली होती एकदा. मुंबईची रातराणी होती. दुसऱ्याच्या घरात लग्न होतं, त्याची ड्युटी मीच मागून घेतली होती. आदला दिवसबी ड्युटी केलेली. खंबाटकीच्या अलीकडं. कंडक्टरनं मांडीवर थाप मारली म्हणून. गाडीत बेचाळीस माणसं होती. सगळी झोपलेली."

मी विचारलं, "मग?"

"मग काय. गाडी बाजूला घेतली, तोंडावर पाणी मारलं, घाट उतरून पहिल्या ठेल्यावर चहा घेतला. पॅसेंजर शिव्या देत होते, उशीर होतोय म्हणून. तुझ्या आईला नाही सांगितलं अजून. तू पण आजचं सांगू नकोस."

म्हणून मी तेव्हा सांगितलं नाही. हा भाग रेकॉर्ड करायच्या आधी दोघांची परवानगी घेतली. आई म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. टेकापो सोडून त्या गावात कशाला थांबलो असतो?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं, शीट बघून पहिलाच प्रश्न त्यांनी 'काय काय बघणार' असा का नाही विचारला. 'ड्रायव्हर किती' असा का विचारला. मी प्लॅन ठिकाणांवरून बनवत होतो. ते ड्रायव्हरवरून बनवत होते.

मग पुढं काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीला फोन करून बायकोचं नाव करारात घातलं. दिवसाचे थोडे डॉलर जास्त गेले. त्यानंतर आम्ही दर तासानं, नाहीतर फार तर दीड तासानं, ड्रायव्हर बदलला. शेजारी बसणाऱ्याला झोपायची बंदी. हा बाबांचा नियम, त्याला ते 'कंडक्टर ड्युटी' म्हणायचे.

टेकापोला दोन रात्री राहिलो. तिथलं तळं दुधाळ निळं दिसतं, कारण हिमनद्यांनी दळलेल्या खडकाचं पीठ पाण्यात तरंगत असतं. हा भाग २०१२ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह आहे, म्हणजे रात्रीचं आकाश काळं राहावं म्हणून दिव्यांवर नियम. तुम्ही जाणार असाल तर तारखा ठरवताना अमावस्या बघा. कालनिर्णय उघडा, काम होतं! पौर्णिमेला तारे कमी दिसतात. आम्हाला दोनपैकी एक रात्र ढग, एक रात्र स्वच्छ. एकच रात्र ठेवली असती तर? म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी दोन रात्री.

आता मिलफर्ड. हा भाग नीट ऐका, कारण तुमच्यापैकी बहुतेकांच्या शीटमध्ये 'क्वीन्सटाउन ते मिलफर्ड, एक दिवस' असं लिहिलंय. एका बाजूनं २९० च्या आसपास किलोमीटर, न थांबता चार तास. आठ तास गाडी, दोन तास बोट. तेही एकाच ड्रायव्हरवर. नका करू. एकतर बसनं जा, किंवा टे अनाऊला राहा, तिथून दोन-अडीच तासांवर आहे.

आणि तिथं पावसासाठी एक दिवस हातात ठेवा. मिलफर्डला वर्षाला साडेसहा मीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या आंबोलीच्या पंगतीत बसणारा. जोराचा पाऊस झाला की रस्ता बंद होऊ शकतो, आणि हिवाळ्यापासून साधारण नोव्हेंबरपर्यंत हिमकडे कोसळण्याचा धोका असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा. आमच्या टे अनाऊच्या पहिल्या सकाळी रस्ता बंद होता. मोटेलवाल्या बाईंनी सांगितलं, आणि सरकारच्या रस्त्यांच्या साइटवरही दिसत होतं. ती साइट रोज सकाळी बघायची. बोटीचं तिकीट दुसऱ्या दिवशी बदलून मिळालं, कारण ते बदलता येणारं घेतलं होतं. फेअरलीनं तेवढं शिकवलं होतं.

तो रिकामा दिवस आम्ही टे अनाऊच्या तळ्याकाठी काढला. आईनं लाँड्री केली, बाबा एका बाकावर बसून बदकं बघत राहिले. ट्रिपमधला माझा सगळ्यात आवडता दिवस, आणि तो शीटमध्ये फक्त 'राखीव' म्हणून लिहिला होता.

दुसऱ्या दिवशी आकाश मोकळं. टे अनाऊलाच टाकी फुल केली, पुढं पंपाचा भरवसा धरू नका. मोबाइलला रेंज जवळपास नाहीच, म्हणून मॅप आधीच डाउनलोड. वाटेत होमर टनेल लागतो, डोंगर पोखरून केलेला, सव्वा किलोमीटरच्या आसपास लांब, १९५४ साली सुरू झालेला. तोंडाशी सिग्नलला थांबलो तर केआ नावाचे हिरवे पोपट गाडीवर येऊन बसले आणि खिडकीचं रबर कुरतडायला लागले. त्यांना खायला द्यायचं नाही. आदल्या पावसामुळं कड्याकड्यावरून धबधबे कोसळत होते. टनेलमधून बाहेर पडून खाली उतरणारा वळणांचा रस्ता दिसला आणि बाबा म्हणाले, "हा घाट मी सेकंड गिअरला उतरवला असता." चालवत बायको होती. तिनं गिअर खाली घेतला.

तुमची शीट परत उघडा

बरं, आता तुमची पाळी. सुट्टीतून विमानाचे आणि झोपेचे दिवस वजा करा, उरलेल्या रात्री मोजा. प्रत्येक रात्रीचा पलंग लिहा. नकाशाची वेळ दीडपट करा. उतरल्यादिवशी गाडी चालवू नका. क्राइस्टचर्च असो, केपटाउन असो, नाहीतर रेकयाविक. दोन ड्रायव्हर असतील तर दोघांची नावं करारात घाला, तिथं काटकसर करू नका. जिथं हवामानाचा भरवसा नाही तिथं एक राखीव दिवस ठेवा. आणि व्हिसा हातात येईपर्यंत रद्द न होणारं काहीही बुक करू नका, कितीही स्वस्त दिसू दे.

हे सगळं झाल्यावर ती शीट घरातल्या अशा माणसाला दाखवा जो रोज गाडी चालवतो. रिक्षावाले काका असतील, ट्रक चालवणारा मामा असेल. त्यांनी न्यूझीलंड बघितलेलं नसेल. चालतंय. त्यांना फक्त विचारा, हे जमेल का? आणि ते जे म्हणतील ते ऐका. मी ऐकून घेतलं होतं, पण ऐकलं नव्हतं.

बाबांनी आता लायसन्स नव्यानं काढायला टाकलंय. पुढच्या वेळी करारावर तीन नावं, असं त्यांचं म्हणणं आहे. पुढची वेळ कधी, ते आईच्या भिशीला माहीत!

चला, आजच्यासाठी एवढंच. गाडी चालवत ऐकत असाल आणि जांभई आली असेल, तर हा भाग इथंच थांबवा, गाडी बाजूला घ्या, चहा घ्या. मी कुठं जात नाही. पुढच्या गुरुवारी भेटू.